ट्रॅक्टर-ट्रॉलीला जादा दिवे व उपकरणे जोडताना: सुरक्षित वायरिंगची संपूर्ण माहिती

मुळशी तालुक्यात जून-जुलैमध्ये पाऊस धरला की भात खाचरांची चिखलणी सुरू होते. रोपे साधारण २१ ते २५ दिवसांची झाली की लावणी व्हायला हवी. त्यापुढे रोपांचे वय वाढत गेले तर फुटवे कमी येतात आणि उत्पादन घटते. त्यामुळे या दिवसांत ट्रॅक्टर पहाटेपासून रात्री उशिरापर्यंत चालतो आणि कंपनीने दिलेला हेडलाईट अपुरा वाटू लागतो. मग मागे एक फोकस, छतावर दोन एलईडी, सोबत मोबाईल चार्जर, पंखा, टेप अशी भर पडत जाते.

ही उपकरणे वाईट नाहीत. रात्री रोटाव्हेटर नीट दिसणे, बांध दिसणे, ट्रॉली मागून दिसणे ही सुरक्षिततेचीच गोष्ट आहे. अडचण जोडणीत असते. बॅटरीवरून ‘डायरेक्ट’ ओढलेली बारीक वायर, फ्यूजचा पत्ता नाही, पिळून चिकटपट्टी मारलेला जोड, सायलेन्सरला टेकलेली तार. अशा जोडणीमुळे चिखलणीच्या ऐन दिवशी सेल्फ लागत नाही, कधी वायरिंग जळते, तर कधी पेंढ्याने भरलेल्या ट्रॉलीजवळ ठिणगी पडते. या लेखात जादा उपकरणांची सुरक्षित जोडणी कशी करावी, हे हिशोबासह दिले आहे. हेच नियम १२ व्होल्टच्या पिकअप वाहनालाही लागू पडतात.

काम अवघड वाटल्यास अनुभवी ऑटो इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्यावे. मात्र काय करून घ्यायचे आणि झालेले काम कसे तपासायचे, हे मालकाला माहीत असावे.

१) आधी हिशोब: ट्रॅक्टर किती भार उचलू शकतो?

इंजिन चालू असताना सर्व उपकरणांना वीज अल्टरनेटरकडून (ज्याला आपण सवयीने डायनॅमो म्हणतो) मिळते. बॅटरी ही मुख्यतः सेल्फ मारण्यासाठी असते. अल्टरनेटरच्या क्षमतेपेक्षा जास्त भार टाकला की उरलेली वीज बॅटरीतून जाते आणि बॅटरी हळूहळू उतरते.

हिशोबाचे सूत्र सोपे आहे: वॅट ÷ व्होल्ट = ॲम्पिअर. उपकरणावर वॅट लिहिलेले असतात. त्याला १२ ने भागावे.

उदाहरण म्हणून ३६ ॲम्पिअर क्षमतेचा अल्टरनेटर असलेला ट्रॅक्टर घेऊ. आपल्या ट्रॅक्टरच्या अल्टरनेटरची क्षमता त्याच्या पट्टीवर किंवा माहितीपुस्तिकेत पाहावी.

- दोन हेडलाईट, प्रत्येकी ५५ वॅट: ११० वॅट, म्हणजे सुमारे ९.२ ॲम्पिअर
- मागचे दिवे, नंबरप्लेटचा दिवा, मीटरचे दिवे मिळून ४० वॅट: सुमारे ३.३ ॲम्पिअर
- इंडिकेटर, दोन बल्ब २१ वॅटचे: चालू असताना ३.५ ॲम्पिअर
- एकूण मूळ भार: सुमारे १६ ॲम्पिअर

आता २७ वॅटचे चार एलईडी फोकस जोडायचे आहेत. २७ × ४ = १०८ वॅट, म्हणजे ९ ॲम्पिअर. एकूण भार २५ ॲम्पिअर झाला.

अल्टरनेटरच्या क्षमतेपैकी सुमारे पाव भाग बॅटरी भरण्यासाठी आणि कमी फेऱ्यांवरील घट भरून काढण्यासाठी राखून ठेवावा. ३६ पैकी २७ ॲम्पिअर वापरायला मिळतात. म्हणजे चार फोकस चालतील. पण त्यावर आणखी २ ॲम्पिअरचा पंखा आणि २ ॲम्पिअरचा चार्जर सतत चालवला तर आकडा २९ होतो आणि मर्यादा ओलांडली जाते. अशा वेळी सर्व उपकरणे एकाच वेळी चालणार नाहीत असे पाहावे किंवा फोकस दोनच लावावेत.

लक्षात ठेवा, इंजिन मंद गतीवर असताना अल्टरनेटर पूर्ण क्षमता देत नाही. बांधावर ट्रॅक्टर मंद ठेवून सर्व फोकस लावून जेवायला बसणे बॅटरीला महागात पडते.

इंजिन बंद असताना तर सगळा भार बॅटरीवर येतो. ८० ॲम्पिअर-अवर बॅटरीतून ९ ॲम्पिअरचे फोकस चालवले तर चार-साडेचार तासांत ती निम्मी रिकामी होते. सेल्फची बॅटरी वारंवार निम्म्याखाली उतरवली तर तिचे आयुष्य झपाट्याने कमी होते.

२) वायर किती जाडीची घ्यावी?

वायर बारीक असेल तर दोन गोष्टी होतात. ती तापते आणि दिव्यापर्यंत पूर्ण व्होल्ट पोचत नाहीत. वायर जितकी लांब, तितकी घट जास्त. लांबी मोजताना जाणारी आणि परत येणारी अशी दोन्ही वायर धरावी.

वरील ९ ॲम्पिअर भारासाठी बॅटरीपासून छताच्या मागच्या कडेपर्यंत ४ मीटर अंतर आहे असे धरू. येऊन-जाऊन ८ मीटर तांब्याची वायर लागेल. व्होल्टमधील घट अशी येते:

- १ चौ.मि.मी. वायर: सुमारे १.२६ व्होल्ट घट
- २.५ चौ.मि.मी. वायर: सुमारे ०.५० व्होल्ट घट
- ४ चौ.मि.मी. वायर: सुमारे ०.३२ व्होल्ट घट

घट अर्ध्या व्होल्टच्या आत ठेवण्याचा प्रयत्न करावा. म्हणजे या जोडणीला २.५ चौ.मि.मी. ही किमान जाडी, ४ असेल तर उत्तम. हॅलोजन बल्बमध्ये व्होल्ट कमी मिळाले की प्रकाश लगेच पिवळट व मंद होतो. अनेक एलईडी फोकसमध्ये प्रकाश तेवढाच दिसतो, पण कमी व्होल्टवर तो दिवा जास्त करंट ओढतो आणि वायर अधिक तापते. त्यामुळे ‘एलईडी आहे, बारीक वायर चालेल’ हा समज बरोबर नाही.

सर्वसाधारण मार्गदर्शक म्हणून पुढील जोड्या वापराव्यात:

- १ चौ.मि.मी.: सतत ८ ॲम्पिअरपर्यंत भार, फ्यूज ७.५ ॲम्पिअर
- १.५ चौ.मि.मी.: सतत १२ ॲम्पिअरपर्यंत, फ्यूज १० ॲम्पिअर
- २.५ चौ.मि.मी.: सतत २० ॲम्पिअरपर्यंत, फ्यूज १५ ॲम्पिअर
- ४ चौ.मि.मी.: सतत ३० ॲम्पिअरपर्यंत, फ्यूज २५ ॲम्पिअर

वायर खरेदी करताना वाहनासाठीची, अनेक बारीक तारांची, तांब्याची ऑटो वायर मागावी. एकाच जाड तारेची घरगुती वायर ट्रॅक्टरच्या हादऱ्यांनी आतल्या आत तुटते. बाहेरून आवरण शाबूत दिसते आणि दोष सापडत नाही. घरगुती वायरचे आवरण इंजिनजवळची उष्णता, डिझेल व तेल यांपुढे लवकर कडक होऊन तडकते.

३) फ्यूज: ही जोडणीतील सर्वांत स्वस्त व सर्वांत महत्त्वाची वस्तू

फ्यूज हा उपकरणासाठी नसतो, वायरसाठी असतो. एलईडी जळला तर दिव्याचे पैसे जातात. वायर जळली तर ट्रॅक्टर जातो. ट्रॅक्टरची बॅटरी शॉर्ट झाल्यास क्षणात शेकडो ॲम्पिअर करंट देऊ शकते. बारीक वायर तेवढ्यात लाल होते आणि शेजारच्या मूळ वायरिंगलाही जाळते.

म्हणून पुढील गोष्टी पाळाव्यात.

- बॅटरीच्या पॉझिटिव्ह टोकापासून १५ ते २० सें.मी.च्या आत फ्यूज बसवावा. दिव्याजवळ बसवलेला फ्यूज मधल्या चार मीटर वायरचे रक्षण करत नाही.
- फ्यूजचा आकडा चालू भाराच्या साधारण सव्वापट घ्यावा, मात्र वायरच्या क्षमतेपेक्षा कमीच ठेवावा. ९ ॲम्पिअर × १.२५ = ११.२५, म्हणून १५ ॲम्पिअरचा फ्यूज व २.५ चौ.मि.मी. वायर.
- झाकण असलेला, पाणी न शिरणारा फ्यूज होल्डर वापरावा.
- प्रत्येक उपकरणाला वेगळा फ्यूज असावा. तीन-चार उपकरणे असतील तर छोटा फ्यूज बॉक्स बसवणे सोयीचे.

पात्याच्या फ्यूजचे रंग ठरलेले असतात: ५ ॲम्पिअर फिकट बदामी, ७.५ तपकिरी, १० लाल, १५ निळा, २० पिवळा, २५ पारदर्शक, ३० हिरवा. रात्रीच्या वेळी बदलताना हे रंग पाठ असलेले बरे.

फ्यूज उडाला तर त्याच आकड्याचा दुसरा टाकावा. तोही उडाला तर दोष शोधावा. तांब्याची तार गुंडाळणे, सिगारेटची चांदी लावणे किंवा मोठा फ्यूज टाकणे म्हणजे आगीला वाट मोकळी करून देणे होय.

४) रिले कशासाठी?

फोकसचा सगळा करंट डॅशबोर्डवरील स्विचमधून नेला तर स्विच तापतो, त्याचे प्लॅस्टिक वितळते. हेडलाईटच्या मूळ स्विचवरूनच जादा फोकस जोडल्यास तो स्विच आणि मूळ वायरिंग दोन्ही खराब होतात. त्यावर उपाय म्हणजे रिले. रिलेच्या गुंडाळीला ०.२ ॲम्पिअरच्या आसपास करंट लागतो. तेवढाच स्विचमधून जातो आणि मोठा करंट बॅटरीकडून रिलेमार्गे सरळ दिव्याकडे जातो.

चार किंवा पाच पायांच्या साध्या रिलेवर आकडे छापलेले असतात. जोडणी अशी करावी:

- ३०: बॅटरीच्या पॉझिटिव्हकडून फ्यूजमार्गे येणारी जाड वायर
- ८७: दिव्यांकडे जाणारी जाड वायर
- ८६: स्विचकडून येणारी बारीक वायर
- ८५: अर्थ, म्हणजे निगेटिव्ह
- पाचवा पाय ८७ए असेल तर तो मोकळा ठेवून टेपने झाकावा. रिले बंद असताना या पायात वीज असते.

स्विचला येणारी बारीक वायर चावी फिरवल्यावरच चालू होणाऱ्या जागेवरून घ्यावी आणि तिला स्वतःचा लहान फ्यूज द्यावा. म्हणजे चावी काढली की फोकस आपोआप बंद होतील. रिले तोंड खाली करून, बॉनेटच्या आत पाणी न पडणाऱ्या जागी बसवावा.

एक-दोन ॲम्पिअरच्या चार्जरला रिलेची गरज नसते. पाच ॲम्पिअरच्या पुढे मात्र रिले वापरावाच.

५) अर्थ (निगेटिव्ह) जोडणी

ट्रॅक्टरवरील विजेच्या तक्रारींचे मूळ बऱ्याचदा कच्च्या अर्थमध्ये असते. पॉझिटिव्ह वायर काळजीने ओढली जाते आणि निगेटिव्ह कुठल्यातरी रंगवलेल्या बोल्टाला गुंडाळली जाते. रंग, गंज आणि चिखल वीज नीट वाहू देत नाहीत.

- जागा निवडून रंग व गंज पूर्ण घासावा, चकाकणारे लोखंड दिसले पाहिजे.
- वायरला गोल लग (थिंबल) दाबून बसवावा, दातेरी वॉशर घालून बोल्ट आवळावा.
- वरून पेट्रोलियम जेली लावावी, म्हणजे गंज येत नाही.
- केबिन किंवा छत्रीचा सांगाडा रबरी बुशवर बसवलेला असेल तर तो भरवशाचा अर्थ नव्हे. तिथे वेगळी निगेटिव्ह वायर खाली आणावी.
- अर्थची वायर पॉझिटिव्हइतक्याच जाडीची असावी.

६) जोडणीचा क्रम

१. इंजिन बंद करून चावी काढावी. हातातील अंगठी, कडे, घड्याळ काढून ठेवावे. पॉझिटिव्ह टोक आणि सांगाडा यांच्यामध्ये धातू आला तर तो क्षणात लाल होतो.

२. बॅटरीचे निगेटिव्ह टोक आधी सोडावे. पॉझिटिव्ह सोडताना पाना सांगाड्याला लागला तरी मग शॉर्ट होत नाही. जोडताना उलट: पॉझिटिव्ह आधी, निगेटिव्ह सर्वांत शेवटी. बॅटरी भरताना हायड्रोजन वायू निघतो, त्यामुळे जवळ विडी-काडी, ठिणगी नको.

३. दिवे, स्विच व रिले आधी घट्ट बसवावेत, नंतर वायरची वाट ठरवावी.

४. वायर सायलेन्सर, पीटीओ शाफ्ट, हायड्रॉलिक पाईप, क्लच-ब्रेकचे दांडे, स्टेअरिंग आणि मागच्या तीन सांध्यांपासून लांब ठेवावी. लिफ्ट पूर्ण वर-खाली करून आणि स्टेअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून वायर ओढली जात नाही ना, हे पाहावे.

५. पत्र्याच्या छिद्रातून वायर नेताना रबरी ग्रोमेट घालावा. पत्र्याची धार हादऱ्यांनी महिन्याभरात आवरण कापू शकते.

६. सर्व वायर खाचांच्या लवचिक पाईपमधून न्याव्यात आणि दर २० ते २५ सें.मी.वर केबल टायने बांधाव्यात. इंधनाच्या नळीला वायर कधीही बांधू नये.

७. जोड क्रिंपिंग पकडीने दाबून करावेत आणि त्यावर उष्णतेने आकसणारी स्लीव्ह चढवावी. पिळून टेप मारलेला जोड पावसाळ्यात टिकत नाही. डाखाच्या जोडाजवळ वायर ताठ होऊन हादऱ्याने तुटते, म्हणून डाख दिला तर जोडाला दोन्ही बाजूंनी आधार द्यावा. मूळ वायरला टोचून बसणाऱ्या क्लिपा टाळाव्यात, त्यातून पाणी शिरून तांबे हिरवे पडते.

८. फ्यूज सर्वांत शेवटी बसवावा.

९. उपकरणे चालू करून अर्धा तास ठेवावीत. मग फ्यूज होल्डर, रिले, स्विच आणि प्रत्येक जोडाला हात लावून पाहावा. कोमट चालेल, चटका बसत असेल तर जोड किंवा वायर चुकली आहे.

७) इलेक्ट्रॉनिक इंजिन असलेल्या ट्रॅक्टरसाठी विशेष सूचना

जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीवरील नव्या ट्रॅक्टरना ट्रेम-४ प्रदूषण मानके लागू झाली. असे अनेक ट्रॅक्टर सीआरडीआय इंजिनाचे असून त्यात इंधनाचे नियंत्रण ईसीयू, म्हणजे छोटा संगणक करतो. अशा ट्रॅक्टरवर पुढील काळजी घ्यावी.

- सेन्सर, इंजेक्टर किंवा ईसीयूकडे जाणाऱ्या वायरमधून कोणतीही जोडणी घेऊ नये.
- वायर तपासायला बल्बचा टेस्टर वापरू नये, मल्टिमीटर वापरावा. बल्ब ओढतो तेवढा करंटही ईसीयूच्या नाजूक भागाला जास्त होऊ शकतो.
- ट्रॅक्टरवर किंवा जोडलेल्या अवजारावर वेल्डिंग करण्यापूर्वी बॅटरीची टोके सोडावीत आणि पुस्तिकेत सांगितले असल्यास ईसीयूचा प्लग काढावा. वेल्डिंगची अर्थ क्लिप कामाच्या जागेजवळच लावावी.
- इंजिन चालू असताना बॅटरीचे टोक कधीही काढू नये. अल्टरनेटरचे व्होल्ट एकदम उसळतात आणि इलेक्ट्रॉनिक भाग जळतात. बॅटरी कटऑफ स्विच बसवला असेल तर तोही इंजिन बंद झाल्यावरच फिरवावा.
- वॉरंटीत असलेल्या ट्रॅक्टरचे मूळ वायरिंग कापू नये. जादा जोडणीसाठी कंपनीने दिलेला सॉकेट असल्यास तोच वापरावा आणि काम करण्यापूर्वी विक्रेत्याला विचारावे.

८) ट्रॉलीचे दिवे: इथे हयगय नको

कासारसाई-दारुंब्रे येथील संत तुकाराम साखर कारखान्याकडे जाणारा ऊस असो, पौड-पिरंगुट रस्त्याने येणारा पेंढा असो किंवा बांधकामाची वाळू, मुळशीतील ट्रॉल्या आता कामगारांच्या बस, डंपर व भरधाव मोटारींच्या गर्दीत रात्री चालतात. ताम्हिणीकडील वळणांवर पावसात व धुक्यात मागून येणाऱ्याला न दिसणारी ट्रॉली ही उभ्या भिंतीसारखी असते. फोकस नसला तर काम थांबते. ट्रॉलीचा मागचा दिवा नसला तर माणूस जातो. म्हणून पैसे मोजकेच असतील तर आधी ट्रॉलीचे दिवे करावेत, मग छतावरचे फोकस.

ट्रॅक्टरच्या मागे ७ पिनांचा सॉकेट असतो. प्रचलित १२ व्होल्ट पद्धतीत पिनांचा क्रम असा आहे:

- पिन १: डावा इंडिकेटर
- पिन २: मागचा फॉग लाईट किंवा जादा वापर
- पिन ३: अर्थ
- पिन ४: उजवा इंडिकेटर
- पिन ५: उजवा मागचा दिवा
- पिन ६: ब्रेक लाईट
- पिन ७: डावा मागचा दिवा

काही जुन्या ट्रॉल्यांवर स्थानिक पातळीवर वेगळे वायरिंग केलेले असते. त्यामुळे जोडण्यापूर्वी प्रत्येक पिन मल्टिमीटरने तपासावी.

ट्रॉलीचा अर्थ हुकाच्या पिनमधून मिळेल असे धरू नये. हुकात ग्रीस, गंज व ढिलाई असते. पिन ३ वरून स्वतंत्र जाड अर्थ वायर प्रत्येक दिव्यापर्यंत न्यावी. सॉकेट व प्लग जोडणारी केबल वळणावर ताणली जाणार नाही आणि जमिनीला घासणार नाही एवढी मोकळी ठेवावी. ट्रॉली सोडली की प्लग चिखलात टाकून न देता अडकवण्यासाठी हुक करून घ्यावा.

दिव्यांसोबत मागे लाल, बाजूला पिवळे व पुढे पांढरे परावर्तक लावावेत. वायरिंग बंद पडले तरी परावर्तक काम करतात. ऊस किंवा पेंढा मागच्या दिव्यांवर लोंबत असेल तर दिवे असून नसल्यासारखेच.

९) कायदा काय सांगतो?

- केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार वाहनाच्या पुढच्या बाजूला लाल आणि मागच्या बाजूला लाल सोडून इतर रंगाचा प्रकाश दाखवता येत नाही. इंडिकेटर, नंबरप्लेटचा दिवा आणि मागे घेतानाचा दिवा यांना सूट आहे. मागचा पांढरा फोकस शेतात वापरावा, रस्त्यावर येताच बंद करावा. मागून येणाऱ्याचे डोळे दिपतात आणि त्याला ट्रॉलीची रुंदी कळत नाही.
- छतावरचे पुढचे फोकसही रस्त्यावर बंद ठेवावेत.
- एकापाठोपाठ वेगवेगळे सूर काढणारे हॉर्न नियमबाह्य आहेत.
- मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी पुस्तकातील तपशिलाशी विसंगत असे बदल वाहनात करता येत नाहीत. अपघातानंतर विमा कंपनीचा सर्व्हेअर वायरिंगही पाहतो. नीट फ्यूज लावलेली, खुणा केलेली जोडणी तिथे उपयोगी पडते.

म्हणून फोकसचा स्विच हेडलाईटपासून वेगळा असावा. एकाच स्विचवर दोन्ही घेतले तर रस्त्यावर फोकस बंद ठेवता येत नाही.

१०) मुळशीच्या पावसात टिकण्यासाठी

- फोकस, सॉकेट व जोड आयपी ६७ दर्जाचे घ्यावेत.
- दिव्यात शिरण्यापूर्वी वायरला खाली झुकणारा छोटा वळसा ठेवावा. पाणी वायरवरून घरंगळत दिव्यात न जाता वळशातून खाली पडते.
- चिखलणीनंतर धुताना पाण्याचा जोराचा फवारा रिले, फ्यूज बॉक्स, अल्टरनेटर व सॉकेटवर मारू नये.
- भात काढणीनंतर ट्रॅक्टर गोठ्यात किंवा पेंढ्याच्या गंजीजवळ उभा राहतो. उंदीर वायरचे आवरण कुरतडतात. पहिल्यांदा चालू करण्यापूर्वी बॉनेट उघडून पाहावे. साठलेला पेंढा, घरटे काढावे.
- मे महिन्याच्या शेवटी, पावसाआधी, सर्व जोड तपासून पेट्रोलियम जेली लावावी. बॅटरीच्या टोकांवरील पांढरी पूड कोमट पाण्याने धुऊन टोके कोरडी करावीत.
- बॅटरी कटऑफ स्विच बसवल्यास रात्रभर उभ्या ट्रॅक्टरची वीज पूर्ण तोडता येते.

पॉवर टिलर वापरणाऱ्यांसाठी: हँडलने चालू होणाऱ्या काही टिलरना बॅटरी नसते, दिवा थेट डायनॅमोवर चालतो. इंजिनच्या गतीनुसार व्होल्ट कमी-जास्त होतात. अशा टिलरवर मोबाईल चार्जर किंवा साधा १२ व्होल्टचा एलईडी थेट जोडू नये.

११) तपासणी: मल्टिमीटरचे चार आकडे

- इंजिन बंद, काही तास विश्रांतीनंतर बॅटरी: १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ च्या आसपास निम्मी, १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी.
- इंजिन साधारण १५०० फेऱ्यांवर, सर्व दिवे चालू: १३.५ ते १४.५ व्होल्ट. १३ च्या खाली गेल्यास भार जास्त आहे, पट्टा ढिला आहे किंवा अल्टरनेटर कमजोर आहे.
- दिवा चालू असताना बॅटरीचे निगेटिव्ह टोक व दिव्याची अर्थ वायर यांमधील व्होल्ट: ०.२ पेक्षा जास्त असल्यास अर्थ कच्चा.
- सर्व बंद असताना बॅटरीतून जाणारा करंट: ०.०५ ॲम्पिअरच्या आत असावा. अर्धा ॲम्पिअर चोरून जात असेल तर दिवसाला १२ ॲम्पिअर-अवर जातात आणि ८० ॲम्पिअर-अवरची बॅटरी साडेतीन दिवसांत निम्मी होते. ही चाचणी चालू असताना सेल्फ मारू नये, मीटर जळतो.

१२) लक्षणे व कारणे

- ब्रेक दाबला की मागचे सर्व दिवे मंद होतात: ट्रॉलीचा अर्थ तुटला आहे किंवा कच्चा आहे.
- इंडिकेटर फार वेगाने लुकलुकतो: एक बल्ब गेला आहे किंवा बल्बऐवजी एलईडी लावल्याने भार कमी झाला आहे. एलईडीसाठीचा फ्लॅशर बसवावा.
- हादऱ्याने फोकस बंद-चालू होतो: लग ढिला किंवा वायर आतून तुटलेली.
- फोकस लावताच रेडिओ खरखरतो: दिव्याचा ड्रायव्हर हलक्या दर्जाचा किंवा अर्थ कच्चा.
- प्लॅस्टिक जळाल्याचा वास: तत्काळ इंजिन बंद करावे, कटऑफ फिरवावा. वास कुठून येतो हे शोधत इंजिन चालू ठेवू नये.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मोबाईल चार्जर थेट बॅटरीला जोडला तर चालेल का?
चालतो, पण चावी काढल्यावरही तो थोडी वीज घेत राहतो. चावीवर चालू होणाऱ्या वायरवरून, ३ किंवा ५ ॲम्पिअरच्या फ्यूजमार्गे जोडणे चांगले.

ट्रकचा २४ व्होल्टचा दिवा ट्रॅक्टरला लागेल का?
फक्त २४ व्होल्टचा असेल तर मंद लागेल किंवा लागणारच नाही. ‘१० ते ३० व्होल्ट’ असे लिहिलेला एलईडी दोन्हीकडे चालतो.

आग लागल्यास पाणी टाकावे का?
वायरिंग व डिझेलच्या आगीवर पाणी टाकू नये. ट्रॅक्टरवर एबीसी प्रकारची कोरड्या पावडरची दोन किलोची नळकांडी हाताशी ठेवावी. बॉनेट पूर्ण उघडू नये, हवा मिळून आग भडकते. फटीतून पावडर मारावी. ट्रॉलीत पेंढा असेल आणि सुरक्षितपणे शक्य असेल तरच ट्रॉली सोडवावी, नाहीतर लोकांना लांब करून १०१ किंवा ११२ वर फोन करावा.

काम पूर्ण झाल्यावर एक शेवटची गोष्ट करावी. कोणता फ्यूज कशाचा, किती ॲम्पिअरचा आणि कोणत्या रंगाची वायर कुठे गेली आहे, हे एका कागदावर लिहून प्लॅस्टिकमध्ये घालून टूलबॉक्समध्ये ठेवावे. त्याच्यासोबत प्रत्येक आकड्याचे दोन फ्यूज. भर पावसात, रात्री, खाचराच्या मधोमध दिवे गेले तर ट्रॅक्टर चालवणाऱ्याला, मग तो घरचा असो वा भाड्याचा, तार गुंडाळण्याऐवजी योग्य फ्यूज सापडेल.